वस्तुस्वभाव आणि संयुजा इलेक्ट्रॉन

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दशलक्षण पर्वात आयोजित व्याख्यानमालेत, उत्तम सत्य धर्माच्या दिवशी दिलेले व्याख्यान)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी विश्वस्त मंडळाने मला दिली, याबद्दल मी त्यांचा मनःपूर्वक आभारी आहे. मी पदवीने बी.कॉम. आणि व्यवसायाने कापड दुकानदार. अशा माणसाने रसायनशास्त्रावर बोलावे याचे आपणांस आश्चर्य वाटले असेल. कार्यक्रमपत्रिका पाहून आमच्या घरीही तोच प्रश्न विचारला गेला. त्याचे कारण प्रथम सांगतो, कारण आजचे व्याख्यान हे एका अर्थी माझे प्रायश्चित्त आहे.

गतवर्षी याच पर्वात, याच पाचव्या दिवशी, सकाळी तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायाचे वाचन झाले. या अध्यायात अजीव द्रव्यांचे विवेचन आहे, हे आपण जाणताच. परमाणू एकमेकांशी का बांधले जातात, याचे कारण आचार्य उमास्वामींनी तेथे सांगितले आहे. परमाणूच्या ठिकाणी असलेला स्निग्ध आणि रूक्ष हा गुण, हे ते कारण होय. दुपारी पाठशाळेत मी मुलांसोबत बसलो होतो. तेव्हा दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "काका, शाळेत आम्हाला शिकवलंय की अणू इलेक्ट्रॉनमुळे जोडले जातात. मग स्निग्ध म्हणजे धन आणि रूक्ष म्हणजे ऋण, असंच ना?"

मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "हो, अगदी तेच. विज्ञानाला जे आज कळले, ते आपल्या आचार्यांनी केव्हाच सांगून ठेवले आहे." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही धन्यता वाटली. घरी जाताना मात्र मनात आले की, मला इलेक्ट्रॉनविषयी काय ठाऊक आहे? काहीच नाही. सूत्रावरील टीका तरी मी नीट वाचली होती का? तीही नाही. उत्तम सत्य धर्माच्या दिवशी, जिनमंदिराच्या आवारात, एका जिज्ञासू मुलीला मी न जाणता हमी देऊन बसलो होतो.

त्यानंतर वर्षभर नातवाच्या शालेय पुस्तकांपासून प्रारंभ करून, रसायनशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना वारंवार त्रास देऊन, जे थोडेफार समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो. शेवटी त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही पुन्हा देतो.

अणूची रचना

रसायनशास्त्रातील 'अणू' आणि आपल्या शास्त्रातील 'परमाणू' हे शब्द मी मुद्दाम वेगळे ठेवणार आहे. त्याचे कारण पुढे येईल.

रसायनशास्त्राच्या अणूमध्ये मध्यभागी केंद्रक असते. त्यात धन प्रभार असलेले प्रोटॉन असतात आणि केंद्रकाभोवती तेवढेच ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन असतात. हे इलेक्ट्रॉन कवचांमध्ये विभागलेले असतात. पहिल्या कवचात जास्तीत जास्त २ मावतात. दुसऱ्यात ८ मावतात. पुढील कवचांची क्षमता अधिक असली, तरी सर्वांत बाहेरच्या कवचात ८ हून अधिक इलेक्ट्रॉन नसतात. या बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात. लोखंड, तांबे अशा काही धातूंत त्याच्या आतल्या कवचातील काही इलेक्ट्रॉनही व्यवहारात भाग घेतात. पण आजच्या विवेचनापुरते बाहेरचे कवच लक्षात ठेवले तरी पुरे.

आपण व्यापारी मंडळी आहोत. दुकानात एक तिजोरी असते आणि एक गल्ला असतो. रक्कम दोन्हीकडे आपलीच असते. पण दिवसाचा देण्याघेण्याचा व्यवहार गल्ल्यातून चालतो, तिजोरीला कोणी हात लावत नाही. आतील कवचांतील इलेक्ट्रॉन तिजोरीतले आणि संयुजा इलेक्ट्रॉन गल्ल्यातले, असे समजा. एक अणू दुसऱ्या अणूशी जो काही रासायनिक व्यवहार करतो, तो या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या आधारे. म्हणून मूलद्रव्याचा स्वभाव जाणायचा, तर त्याच्या बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत आणि केंद्रकाने ते किती घट्ट धरले आहेत, हे दोन प्रश्न विचारावे लागतात.

एका इलेक्ट्रॉनचा फरक

निऑन हा वायू आपल्या परिचयाचा आहे. दुकानांच्या लाल-नारिंगी दिव्यांच्या नळ्यांमध्ये तो भरीत असत. सर विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली तो शोधून काढला. त्याच्या अणूत १० इलेक्ट्रॉन असतात. पहिल्या कवचात २ आणि दुसऱ्यात ८. दोन्ही कवचे पूर्ण भरलेली. हा वायू कशाशीही संयोग पावत नाही.

आता त्याच्या पुढचे मूलद्रव्य घ्या, सोडिअम. याच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन, म्हणजे निऑनपेक्षा केवळ एक अधिक. पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८ आणि तिसऱ्यात एकटा १. या एकाने केवढा फरक पडतो पाहा. सोडिअम हा सुरीने कापता येईल इतका मऊ धातू आहे. तो उघड्या हवेत ठेवता येत नाही, म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला असतो. त्याचा लहानसा तुकडा पाण्यावर टाकला, तर तो तडतडत धावतो, पाण्यातून हायड्रोजन वायू मोकळा होतो आणि कधी कधी उष्णतेने पेटही घेतो. निऑनमध्ये आणि सोडिअममध्ये एका प्रोटॉनचे आणि एका इलेक्ट्रॉनचे अंतर. पण एक पूर्ण उदासीन आणि दुसरा पाणी दिसताच पेटणारा.

याचे माप शास्त्रज्ञांनी घेतले आहे. २३ ग्रॅम सोडिअमच्या सुट्या अणूंतून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याच अणूंतून दुसरा इलेक्ट्रॉन काढावयाचा झाल्यास सुमारे ४५६२ किलोज्यूल लागतात, म्हणजे नऊपटीहून अधिक. पहिला इलेक्ट्रॉन गल्ल्यातला होता. दुसऱ्यासाठी तिजोरी फोडावी लागते. सोडिअम नेहमी एकच इलेक्ट्रॉन देतो, दोन देत नाही, याचे रहस्य या दोन आकड्यांत आहे. मॅग्नेशिअमच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन असतात. तेथे पहिल्यास ७३८, दुसऱ्यास १४५१ आणि तिसऱ्यास एकदम ७७३३ किलोज्यूल लागतात. म्हणून मॅग्नेशिअम दोन देऊन थांबतो.

मिठाचा जमाखर्च

सोडिअमच्या नेमके उलट स्वभावाचे मूलद्रव्य म्हणजे क्लोरिन. त्याच्या अणूत १७ इलेक्ट्रॉन असतात. २, ८ आणि ७. बाहेरचे कवच भरण्यास एक कमी. हा पिवळट हिरवा वायू विषारी आहे. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे पहिल्या महायुद्धात तो शस्त्र म्हणून वापरला गेला आणि असंख्य सैनिक गुदमरले.

पाण्यात पेट घेणारा धातू आणि माणसे मारणारा वायू हे एकत्र आले की काय होते? आपल्या स्वयंपाकघरातील मीठ होते. पर्वात रसत्यागाचा नियम घेऊन आपल्यापैकी अनेकजण आज अलोणे जेवले असतील. ज्या मिठाचा आपण त्याग केला, त्यात सोडिअमही आहे आणि क्लोरिनही आहे; पण सोडिअमच्या प्रत्येक अणूने एक इलेक्ट्रॉन दिलेला आहे आणि क्लोरिनच्या प्रत्येक अणूने एक घेतलेला आहे. या देवघेवीनंतर दोघांचीही बाहेरची कवचे पूर्ण झाली आणि दोघांचाही उग्रपणा संपला.

आता सर्वसाधारणपणे असे सांगितले जाते की, "सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो आणि क्लोरिनला तो हवा असतो." मीही असेच समजत होतो. प्राध्यापक महोदयांनी मला थांबवले आणि हिशेब मांडून पाहा म्हणाले. हिशेब हा आमचा प्रांत असल्यामुळे मी तो मांडला. साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ तयार होण्याचा जमाखर्च असा आहे.

खर्चाची बाजू: सोडिअम धातूचे अणू सुटे करण्यास सुमारे १०७ किलोज्यूल, क्लोरिनच्या अणूंच्या जोड्या फोडण्यास १२१, आणि सोडिअममधून इलेक्ट्रॉन काढण्यास ४९६. एकूण खर्च ७२४. जमेची बाजू: क्लोरिनने इलेक्ट्रॉन स्वीकारल्यावर ३४९ किलोज्यूल मिळतात. व्यवहार येथेच थांबला असता, तर तो शुद्ध तोट्याचा ठरला असता. परंतु आता सोडिअम धन प्रभाराचा झाला आहे आणि क्लोरिन ऋण प्रभाराचा. हे विरुद्ध प्रभाराचे कण एकमेकांना ओढून घेऊन स्फटिकाच्या रचनेत ओळीने बसतात आणि त्यातून ७८७ किलोज्यूल मोकळे होतात. एकूण जमा ११३६. बाकी शिल्लक ४१२ किलोज्यूल. ही शिल्लक उष्णता आणि प्रकाश या रूपाने बाहेर पडते.

हा ताळेबंद मांडल्यावर दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. सोडिअम आपला इलेक्ट्रॉन फुकट सोडत नाही, तो काढावाच लागतो. फक्त हा खर्च इतका कमी आहे की, पुढील जमेतून तो सहज भरून निघतो. दुसरा इलेक्ट्रॉन काढण्याचा ४५६२ चा खर्च मात्र कोणत्याही जमेतून भरून निघणार नाही. दुसरी गोष्ट अशी की, अणूला काही 'हवे' असते किंवा 'नको' असते, ही केवळ बोलण्याची पद्धत आहे. पुद्गल अजीव आहे. त्याच्या ठिकाणी इच्छा नाही, राग नाही, द्वेष नाही. हे तर आपल्याला पाठशाळेच्या पहिल्याच वर्षी शिकवलेले आहे. रसायनशास्त्राचा हिशेबही त्याला इच्छा चिकटवू देत नाही, याचे मला समाधान वाटले.

संख्या आणि पकड

ज्यांच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे ती सर्व मूलद्रव्ये सारखीच क्रियाशील असतात काय? नाही. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम आणि सीझिअम ही एकाच कुळातील मूलद्रव्ये आहेत. प्रत्येकाच्या बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन. परंतु क्रमाने कवचांची संख्या वाढत जाते, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो आणि मधल्या इलेक्ट्रॉनांमुळे केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत कमी पोहोचते. तो काढण्याचा खर्च अनुक्रमे ५२०, ४९६, ४१९, ४०३ आणि ३७६ किलोज्यूल असा उतरत जातो. तसतशी क्रियाशीलता चढत जाते. लिथिअम पाण्यावर शांतपणे बुडबुडे सोडतो, पोटॅशिअम जांभळट ज्योतीने पेटतो आणि सीझिअमचा तर पाण्याशी स्फोटच होतो.

घेणाऱ्यांच्या कुळात हाच नियम उलट दिसतो. तेथे कवचे जितकी कमी, तितके बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनवर केंद्रकाचे आकर्षण अधिक. म्हणून फ्लुओरिन सर्वांत उग्र, त्याखालोखाल क्लोरिन, मग ब्रोमिन आणि आयोडिन सौम्य.

आता आपल्या मंदिरातील एक उदाहरण. तांबे आणि सोने यांच्याही बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. मग सोने पाण्यात पेट का घेत नाही? कारण पकड. सोडिअमचा इलेक्ट्रॉन ४९६ किलोज्यूलला सुटतो, तांब्यास ७४५ लागतात आणि सोन्यास ८९०. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन असतात, आणि आतील इलेक्ट्रॉन इतक्या प्रचंड वेगाने फिरतात की, सापेक्षता सिद्धांताचा परिणाम होऊन बाहेरचा इलेक्ट्रॉनही आत ओढला जातो. म्हणून कलशावरील सोन्याचा मुलामा वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहतो. तांब्याचे कलश मात्र डागाळतात. चांदीचे छत्र-चामर हवेतील गंधकाच्या वायूमुळे काळवंडतात आणि दरवर्षी पर्वापूर्वी ते घासून काढण्याचे काम आपल्या महिला मंडळाला करावे लागते. पुढील वर्षी घासताना मनात असू द्यावे की, तो काळेपणा म्हणजे चांदीच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा गंधकाशी झालेला व्यवहार आहे.

हे सर्व ज्ञान एका दिवसात आलेले नाही. रशियाचे मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली, तेव्हा इलेक्ट्रॉन कोणालाही ठाऊक नव्हता. सारखे गुण ठरावीक अंतराने पुन्हा येतात, एवढेच त्यांनी पाहिले आणि काही घरे रिकामी ठेवली. गॅलिअम १८७५ साली, स्कँडिअम १८७९ साली आणि जर्मेनिअम १८८६ साली सापडून ती घरे भरली गेली. जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला १८९७ साली. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीचा विचार जर्मनीचे कोसेल यांनी आणि इलेक्ट्रॉनांच्या जोडीच्या भागीदारीचा विचार अमेरिकेचे गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडला. म्हणजे स्वभाव आधी दिसला आणि त्याचे कारण जवळजवळ अर्धशतकानंतर कळले.

भागीदारीचा बंध आणि पक्का रंग

देवघेव हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार भागीदारीचा. कार्बनच्या बाहेरच्या कवचात ४ इलेक्ट्रॉन असतात. चार देणेही महाग आणि चार घेणेही महाग. म्हणून तो दुसऱ्या अणूंशी इलेक्ट्रॉनच्या जोड्या वाटून घेतो. यास सहसंयुज बंध म्हणतात. ऑक्सिजनजवळ ६ असतात. तो दोन बंधांत भागीदार होतो आणि त्याच्याजवळ दोन जोड्या मोकळ्या उरतात. आपण अंगावर घातलेले सुती कापड हे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या अशाच भागीदारीने बनलेले आहे.

येथे मला माझ्या दुकानातील एक घटना सांगितली पाहिजे. १९९४ सालची गोष्ट. एक वयस्कर श्राविका माझ्याकडून गडद लाल रंगाचे सुती लुगडे घेऊन गेल्या. त्यांनी विचारले, "रंग जाणार नाही ना?" मी म्हणालो, "आक्का, रंग एकदम पक्का. माझी हमी." आठ दिवसांनी त्या परत आल्या. पहिल्याच धुण्यात रंग सुटला होता आणि त्यांच्या यजमानांचे अभिषेकाचे पांढरे धोतर-दुपटे गुलाबी झाले होते. मी लगेच पैसे परत केले आणि नवे धोतर-दुपटेही दिले. त्या रागावल्या नाहीत. जाता जाता एवढेच म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही पक्का म्हणालात, ते कशावरून?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. घाऊक व्यापाऱ्याने मला सांगितले होते, मी त्यांना सांगितले. रंग पक्का म्हणजे नेमके काय, हे तेहतीस वर्षांच्या मला माहीत नव्हते. तेव्हा इचलकरंजीतील एका अनुभवी डाइंग मास्टरांना मी विचारले. त्यांनी जे सांगितले, त्यातील रसायनशास्त्र मला गेल्या वर्षी खऱ्या अर्थाने समजले.

पूर्वीचे अनेक रंग सुताला नुसते चिकटून राहत. अणूंमध्ये भागीदारी होत नसे, म्हणून प्रत्येक धुण्यात थोडा थोडा रंग उतरे. रॅटी आणि स्टीफन या इंग्लंडमधील दोन रसायनतज्ज्ञांच्या संशोधनातून १९५६ साली वेगळ्या प्रकारचे रंग बाजारात आले. त्यांना रिॲक्टिव्ह रंग म्हणतात. त्यांच्या रेणूत कार्बन आणि नायट्रोजन यांचे एक कडे असते आणि त्यातील कार्बनला क्लोरिन जोडलेला असतो. क्लोरिन आणि नायट्रोजन हे दोघेही भागीदारीतील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतात, त्यामुळे तो कार्बन इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत उणा पडतो. रंगाच्या टाकीत सोडा घातला की, सुतातील काही ऑक्सिजन अणूंपासून हायड्रोजन सुटतो. अशा ऑक्सिजनची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी त्या उण्या कार्बनशी बंध करते. क्लोरिन आपली जोडी घेऊन बाहेर पडतो. तो पाण्यात सोडिअमच्या सोबतीला जातो, म्हणजे पुन्हा मीठच होते. रंग आता सुतावर बसलेला नसतो. तो सुताच्या रेणूचाच भाग झालेला असतो. पक्का रंग म्हणतात तो हा.

मग त्या लुगड्याचा रंग का सुटला? कारण टाकीतील पाण्यातही ऑक्सिजन असतो आणि त्याच्याजवळही मोकळ्या जोड्या असतात. काही रंग सुताऐवजी पाण्याशीच बंध करून बसतो. असा रंग सुताशी बांधला जाण्यास निरुपयोगी ठरतो आणि कापडात नुसता अडकून राहतो. तो उकळत्या साबणाच्या पाण्यात कापड वारंवार धुऊन काढावा लागतो. त्या मालाच्या बाबतीत ही धुलाई अपुरी झाली असावी, असे मास्टरांचे मत पडले. रंग जातीने पक्काच होता; त्यातील जो भाग बांधला गेला नव्हता, तो सुटला.

त्या दिवसापासून आमच्या दुकानात एक नियम आहे. गडद रंगाचा नवा माल आला की, त्याची एक चिंधी पांढऱ्या कापडाच्या पट्टीला शिवून गरम साबणाच्या पाण्यात धुतली जाते. पांढरी पट्टी पांढरी राहिली, तरच 'पक्का' हा शब्द उच्चारायचा. नाही तर "पहिल्यांदा वेगळे धुवा" असे सांगायचे. यात काही गिऱ्हाइके गेली, हे खरे आहे. परंतु 'कशावरून?' असे कोणी विचारले, तर दाखवायला हातात पट्टी असते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

आता गतवर्षीच्या माझ्या उत्तराकडे वळतो. स्निग्ध-रूक्ष म्हणजेच धन-ऋण, ही हमी मी दिली होती. त्याची चिंधी मी आता धुऊन पाहिली आहे.

आपल्या शास्त्रात परमाणू अविभाज्य आहे. रसायनशास्त्राचा अणू विभागला जातो. त्यात केंद्रक आहे, इलेक्ट्रॉन आहेत. म्हणजे आपल्या व्याख्येने पाहिले, तर हा अणू परमाणू नव्हेच, तो स्कंध ठरेल. आरंभी दोन शब्द वेगळे ठेवले ते यासाठी. शिवाय आपल्याकडे परमाणूंच्या जाती मानलेल्या नाहीत. सर्व परमाणू एकाच पुद्गल द्रव्याचे आहेत. रसायनशास्त्रात प्रत्येक मूलद्रव्याचा अणू वेगळा.

आचार्य पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत स्निग्ध गुणाची चढती पायरी समजावताना पाणी, शेळीचे दूध, गाईचे, म्हशीचे आणि उंटिणीचे दूध व तूप अशी उदाहरणे दिली आहेत. रूक्षतेसाठी धूळ, वाळू यांची. म्हणजे येथे स्पर्श-गुणाचे अंश अभिप्रेत आहेत. विद्युत प्रभाराचा तेथे उल्लेख नाही. आपल्या परंपरेतील अर्थाप्रमाणे जघन्य अंशाचे परमाणू बांधले जात नाहीत, समान अंशाचेही बांधले जात नाहीत. दोन अंशांचे अंतर असेल तेव्हाच बंध होतो. 'दोन' हा आकडा वाचताच माझ्या मनात लुईस यांची इलेक्ट्रॉन-जोडी आली होती. पण हायड्रोजन वायूकडे पाहा. तेथे सर्व बाबतींत समान असलेले दोन अणू एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. सूत्रातील बंध आणि रसायनशास्त्रातील बंध एकच आहेत असा मी हट्ट धरला, तर हायड्रोजनची एक साधी नळकांडी सूत्राला खोटे ठरवेल. सूत्र खोटे नाही. माझी बरोबरी खोटी आहे.

आणखी एक विचार करा. विज्ञान आपले म्हणणे बदलत असते आणि तेच त्याचे बळ आहे. निऑनच्या कुळातील वायू कशाशीही संयोग पावत नाहीत, असे पाठ्यपुस्तकांत अनेक दशके छापले जात होते. १९६२ साली नील बार्टलेट यांनी त्या कुळातील झेनॉनचे संयुग तयार करून दाखवले. झेनॉनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून बरेच दूर असतात, म्हणून तेथे ते शक्य झाले. पाठ्यपुस्तके दुरुस्त झाली. आपण शास्त्राला आजच्या विज्ञानाचे प्रमाणपत्र चिकटवले, तर उद्या विज्ञान दुरुस्त झाल्यावर आपण शास्त्रही दुरुस्त करणार आहोत काय?

मग सूत्राचे मोल कमी झाले का? माझ्या मते मुळीच नाही. पदार्थ का बांधले जातात, हा प्रश्न दीड हजार वर्षांहूनही पूर्वी आपल्या आचार्यांनी विचारला. त्याचे उत्तर देताना त्यांनी कोणा निर्मात्याच्या इच्छेकडे बोट दाखवले नाही. पदार्थाच्या स्वतःच्या गुणात, त्या गुणाच्या कमी-अधिक अंशांत कारण शोधले. कारण वस्तूच्या स्वभावात पाहावे, ही दृष्टी आपली आहे आणि तिचा अभिमान जरूर बाळगावा. सोडिअमच्या अकराव्या इलेक्ट्रॉनचा शोध मात्र प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचा आहे. त्याचे श्रेय त्यांना देणे हे अचौर्य व्रताचेही पालन आहे, असे मला वाटते.

ती मुलगी आज अकरावीत विज्ञान शाखेत आहे आणि येथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला मी सर्वांसमक्ष सांगतो: बेटा, गतवर्षी तुझ्या प्रश्नाला मी 'हो' म्हणालो, ते न जाणता म्हणालो. योग्य उत्तर 'नाही' असे आहे. दोन्ही विषय स्वतंत्रपणे शीक. सूत्र पंडितजींकडून टीकेसह समजून घे आणि इलेक्ट्रॉन तुझ्या शिक्षकांकडून प्रयोगासह. मोठ्या माणसाने छातीठोकपणे काही सांगितले, तर त्या आक्कांप्रमाणे नम्रपणे विचार, "कशावरून?"

विश्वस्त मंडळालाही एक विनंती आहे. पुढील वर्षापासून पाचव्या अध्यायाच्या दिवशी पाठशाळेत पंडितजींसोबत एका विज्ञान शिक्षकांनाही निमंत्रित करावे. दोघांनी आपापला विषय मांडावा आणि मुलांनी दोघांनाही प्रश्न विचारावेत. त्यासाठी लागणारा खर्च मी आनंदाने देईन.

 माझ्या अल्प बुद्धीमुळे जिनवाणीविरुद्ध अथवा विज्ञानाविरुद्ध काही बोलले गेले असेल, तर मन, वचन, कायेने क्षमा मागतो. जाणकारांनी दुरुस्ती करावी. मी ती आनंदाने स्वीकारीन.

मिच्छा मे दुक्कडं. जय जिनेंद्र.